वाळूला घातलेली आंघोळ

रविवार, १२ नोव्हेंबर

चि. भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघे सोडून. अकरा वर्षांनी वहिनीला आठवण आली म्हणून हुरळून जाऊ नका. डोकं अजून काळं आहे की कलप लावता, एवढंच विचारायचं होतं.

सांडपाण्याच्या केंद्रावर मी अजून झाडलोट करते. तिथं नवीन साहेबीणबाई आल्यात. पोरगीच आहे, पण तिला कळतं. परवा वाळूच्या वाफ्यापाशी मला समजावत होती, घराघरांतलं पाणी गाळ बसवून इथं येतं, तरी त्यात खत उरतंच. ते तळ्यात गेलं की शेवाळ माजतं. वाळूवरचा बुळबुळीत थर जिवंत असतो, तो ते खत खातो. हा वाफा सांभाळणारे तुमचे दादा हेच सांगायचे, तेव्हा मी म्हणायची, वाळू आहे की माझी सवत, तिचे एवढे लाड?

मग ती म्हणाली, "आजी, कुणीतरी एकदा यात ब्लीचिंग टाकलं होतं म्हणे. इतकं अडाणी कोण असेल?"

मी म्हटलं, असतं एखादं.

भाऊजी, ती मी.

दादांचा पाय प्लास्टरमध्ये, वाफा तुमच्यावर सोपवलेला. दुसऱ्या दिवशी तपासणी, आणि तुम्ही गेलेले न्हाव्याकडे, नवरदेवासारखे. मी डबा घेऊन आले तर वाळूवर ही काळी घाण. म्हटलं, साहेब लोक आमच्या भाऊजींना काय म्हणतील? कोठीतली दोन पोती ब्लीचिंग पावडर ओतली आणि खराट्याने घासून काढलं. वाळू अशी लखलखली की माझं मलाच कौतुक वाटलं.

तुम्ही परत आलात, वास घेतलात. संध्याकाळी माझ्या सोललेल्या हातांसाठी मलमाची डबी आणून ठेवलीत.

आठ दिवसांत तळ्यातले मासे उलटे तरंगले, मग पाणी हिरवंगार झालं. दादांनी विचारलं, वाळूला काय केलंस? तुम्ही एकदा माझ्या हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, "मीच धुतली."

तुमची नोकरी गेली. दादा म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी हात पदराखाली घेतले आणि पानं वाढायला गेले.

एवढंच असतं तर हसत हसत सांगून टाकलं असतं. शेवटच्या दुखण्यात दादा सारखे विचारायचे, "धाकट्याला कळवलंस ना?" मी म्हणायची, कळवलंय, निघालेत. तीन दिवस ते दाराकडे बघत होते.

मी कळवलंच नव्हतं. तुम्ही आलात तर वाळूचं बोलणं निघेल, याची धास्ती. ते गेल्याचं तुम्हाला परक्याकडून कळलं. तुम्हाला वाटत असेल, दादांनी बोलावलं नाही. बोलावलं होतं, भाऊजी.

काल साहेबीणबाईंना सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. तिनं कागद दोनदा वाचला. मग विचारलं, वाळू पुन्हा जिवंत व्हायला किती दिवस लागले? म्हटलं, दोनेक महिने. वाळूचं बरं असतं.

डबी अजून आहे, रिकामी. भांडायला या, पण या. दाराकडे बघायची पाळी आता माझी आहे.

पदराखालचे हात बाहेर काढून लिहिणारी,
तुमची वहिनी