केसपेपरवर न लिहिलेलं

पौड, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

आज हिराबाई थोडक्यात वाचली. दोष माझा.

गेल्या वर्षी तिच्या पायाच्या ऑपरेशनला कमरेत भुलीचं इंजेक्शन मीच दिलं होतं. ब्लडप्रेशर एकदम उतरलं, नाडी हाताला लागेना. केसपेपरवर मात्र मी लिहिलं, 'भूल दिली. त्रास नाही.' औषध किती, तेही नाही. विसरलो होतो का? छे. लाज वाटली होती.

आज दुसऱ्या पायाच्या वेळी आमच्या नव्या डॉक्टर कामतांनी ते 'त्रास नाही' वाचलं आणि निर्धास्तपणे पूर्ण डोस दिला. पुन्हा तीच गत. सलाईन लावून दोघांनी कशीबशी सावरली.

बाहेर तिचा नवरा म्हणाला, "मागल्या टायमालाबी आसंच झालं हुतं की! कागदावर न्हाई व्हय?"

कामतांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला मान वर करवेना.

संध्याकाळी हिराबाईच्या खाटेशी जाऊन सगळं कबूल केलं. वाटलं, शिव्या देईल. पण ती म्हणाली, "आता तरी लिवा, डाक्टर. फुडच्या टायमाला मला सांगाया जमंल का न्हाई, कुनाला ठावं."