ते ऑकवर्ड, मी रूड

रविवार, नाहूर

मानसीच्या होणाऱ्या सासरी मुलुंडला चहाला गेलो होतो. बुद्धविहारात माझी भाषणं गाजतात, असं लेकीने कौतुकाने सांगितलं. सासरे हसले. "तुम्हा लोकांत बोलणारे फार, नाही?"

"तुम्हा लोकांत म्हणजे कुणात?" मी विचारलं. सासूबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. माझा कप तसाच राहिला.

रिक्षात मानसी म्हणाली, "बाबा, ते रूड होतं."

"आणि त्यांचं?"

"ते ऑकवर्ड. फार तर इन्सेन्सिटिव्ह म्हणा."

त्यांच्यासाठी दोन शब्द, दोन्ही मऊ. एरवी यावर तासभर बोललो असतो. आज राग यायला हवा होता, तोही आला नाही.

"साखरपुड्यात भाषण नको हं, बाबा. प्लीज."

"बरं," म्हणालो. का म्हणालो?

बधिर बसलोय. डोळ्यांपुढे तेच टेबल. साय धरलेला माझा कप आणि शेजारी मानसीचा, तोही भरलेलाच. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, चहा घेतलाच नाहीस!"

"ॲसिडिटी आहे ना, काकू."

घरी आल्यावर चपला काढून तिने आधी चहा टाकला. दोघांचा.