सरकार तर तुमचंच ना?

१८ एप्रिल, शुक्र.

दुपारी लेकीचा, मनूचा, इंग्लंडहून फोन. प्रचारात चालून चालून पायाला फोड आलेत, आवाज बसलाय. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा कौंटी काउन्सिलला (तिथली जिल्हा परिषदच म्हणा) उभी राहिली तेव्हा लोक दार उघडून हसायचे तरी. या वेळी दार उघडतात ते भांडायला. तिच्याशी भांडण नाही. राग लंडनच्या सरकारवर, आणि हिच्या कोटावर त्याच पक्षाचा बिल्ला. एक म्हातारी म्हणाली म्हणे, "तू गोड आहेस गं, पण तुझी माणसं नकोत."

सु.ने (नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायला हा काही उखाणा नाही) फोन माझ्या हातातून घेतला आणि ओरडला, "घाबरतेस काय! वर सरकार तुमचं आहे. सरकार असलं की खालच्या सीटा आपोआप येतात."

चिपळूणचा हिशेब इंग्लंडला लावतोय.

"बाबा, इथे तसं नसतं."

त्याने ऐकून घेतलं नाही. कान ठणठणीत आहेत तरी.

२३ एप्रिल, बुध.

संध्याकाळी पाटणकर आले. इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, शिवाय सु.चे जुने मित्र, त्यामुळे आमच्या आखातातल्या या झिंजच्या फ्लॅटमध्ये बेल न वाजवता येण्याचा हक्क. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम २ मेला, शुक्रवारी. तिकडे मनूचं मतदान १ तारखेला आणि निकाल २ ला दुपारी. पाटणकरांना हा योग म्हणजे देवाचीच योजना वाटते. कार्यक्रमात मनूचा सत्कार! ती व्हिडिओवर दिसणार मोठ्या पडद्यावर, आणि शाल-श्रीफळ तिच्या वतीने मी घ्यायचं.

मी म्हटलं, आधी निकाल तर लागू दे.

"वहिनी, सत्तेतला पक्ष आहे. खलास! विषय संपला."

फलक आजच छापायला टाकून आले. १ तारखेला कामगार दिनाची सुट्टी, प्रेस बंद, मग शुक्रवारी कोण छापून देणार, असं त्यांचं म्हणणं. फोनवर मजकूर दाखवला. "पुन्हा निवड झाल्याबद्दल नगरसेविका सौ. मृण्मयी यांचा हार्दिक सत्कार." ती नगरसेविका नाही, कौंटी काउन्सिलर आहे. सौ.ही नाही. दोन्ही सांगितलं. पाटणकर म्हणाले, फलकावर बरं दिसतं.

सु. इतका खूश की त्यांना स्वतः चहा करून दिला. साखर विसरला.

२७ एप्रिल, रवि.

ऑफिस. इथे रविवार कामाचाच. आमचा साहेब इंग्रज, जुफैरला राहतो, इथे येऊन पंधरावर वर्षं झाली. आज सकाळपासून निवडणुकीवरच. सरकारला धडा मिळणार, साफ होणार, वगैरे. रझियाने विचारलं, "सर, तुमचं मत कसं देणार?" तर म्हणे बाहेर राहणाऱ्यांना काउन्सिलचं मत नाही. पार्लमेंटचं आहे फक्त.

मी मान खाली घालून इन्व्हॉइस बघत राहिले. साहेबाला मत नाही, आणि भारतीय पासपोर्टवाली माझी मुलगी त्याच्याच देशात उमेदवार. कॉमनवेल्थवाल्यांना चालतं म्हणे. ऑफिसात मी हे कोणाला सांगितलेलं नाही, एका रझियाला सोडून. रझिया राजापूरची, हमद टाउनहून येते, माझ्या बाजूला बसते. तिचा भाऊ मनूच्याच कौंटीत टॅक्सी चालवतो. लंचला ती थोडी अवघडून म्हणाली, "ताई, राग मानू नका. भाऊ या टायमाला दुसऱ्यांना मत देणार बोलतो. तुमच्या पोरीवर राग नाय त्याचा. वरच्यांवर हाय."

मी राग मानला नाही. पण डबा अर्धा परत आणला.

१ मे, गुरु.

सुट्टी. मनूचा मेसेज सकाळी: "मत दिलं. स्वतःला. 😅" मग दिवसभर काही नाही. सु. टीव्हीसमोर. मी पुरणपोळ्या केल्या उद्यासाठी. मंडळात वीस जणींनी पोळ्या वाटून घेतल्यात, माझ्या वाट्याला जास्त आल्या, कारण "सत्कारमूर्तीची आई".

मला खरं काय हवंय ते इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. तिने जिंकावं असं वाटतं. आणि हरली तर थोडी झोपेल, नीट जेवेल, इथे येऊन राहील, असंही वाटतं. दोन्ही एकदम.

२ मे, शुक्र.

हरली.

दुपारी तीनच्या सुमारास फोन. आवाज अगदी सरळ. "आई, गेली सीट. आमच्या कौंटीत आमचे जवळजवळ सगळेच गेले." रडत नव्हती. मीच रडले. सु. म्हणाला परत मोजा म्हणावं. ती म्हणाली, बाबा, फरक तेवढा कमी नाहीये.

मग पाटणकर. सु.ने फोन केला, पलीकडून पहिला प्रश्न, "फलकाचं काय करायचं?"

कार्यक्रम रद्द करता येईना. लोक निघाले होते, ढोलवाले मुहर्रकहून येऊन बसलेले. हॉलवर पोचले तर पाटणकर शिडीवर. "पुन्हा निवड झाल्याबद्दल" या शब्दांवर पांढरा कागद चिकटवत होते. खाली फक्त "नगरसेविका सौ. मृण्मयी यांचा हार्दिक सत्कार" उरलं. कशाबद्दल ते नाही. ओला गोंद, त्यात वरून एसी, कागद सारखा सुटायचा.

मला वाटलं मनू व्हिडिओवर येणार नाही. आली. केस विंचरलेले, मागे तिचं स्वयंपाकघर. पाटणकर गोंधळले, ठरलेलं भाषण ठरलेलं म्हणून वाचायला लागले आणि "दैदीप्यमान विजय" पर्यंत येऊन थांबले. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

मागून कुलकर्णीकाकूंनी माइक न घेता विचारलं, "अगं पण हरलीस कशी? सरकार तर तुमचंच ना?"

मनू म्हणाली, "म्हणूनच, काकू."

मग तिच्या त्या साध्या मराठीत सांगितलं. तिथे लोक लंडनवर चिडले की गावातल्या निवडणुकीत फटका देतात. लंडनची निवडणूक लांब असते, हात पोचत नाही. ही जवळ असते. "मी जवळ होते," म्हणाली. टाळ्या वाजल्या. शाल मी घेतली. नारळ घरी आणलाय, फोडवत नाही.

३ मे, शनि.

सकाळपासून मंडळाचा ग्रुप. काल दुपारपर्यंत "अभिनंदन" लिहिणारे आज "मी तर आधीच म्हणत होतो" लिहितायत. एकाने तिथल्या महागाईवर लेख पाठवला. एकाने तर म्हाताऱ्यांचं थंडीतलं हीटिंगचं अनुदान सरकारने कापलं त्यावर. तिथे कधी न गेलेले लोक आज तिथले जाणकार. पाटणकरांचं मला वाईट वाटलं. मनाने वाईट माणूस नाही.

दुपारी मात्र त्यांनीच सु.च्या डोक्यात किडा सोडला. मनूने जिंकलेल्या पक्षात जावं! अजून तरुण आहे, पुढच्या खेपेला तिकीट मिळेल. आपल्याकडे सगळे तेच करतात. सु.ने संध्याकाळी तिला फोन लावून जसंच्या तसं सांगितलं. मी स्वयंपाकघरातून हातवारे करत होते, बघितलं नाही.

मनू आधी हसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितीये ते कशावर जिंकले? आपल्यासारख्यांवर."

सु. म्हणाला, "राजकारणात एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

तिने फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच असणार, मोबाइलमध्ये कळत नाही.

४ मे, रवि.

साहेबाने केक आणला. सरकार पडल्यासारखा आनंद. सगळ्यांना तुकडे. रझियाने बशी घेतली नाही आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सर, ताईंची मुलगी हरली ना त्यात. त्याच पक्षाची होती."

साहेब टोमॅटोसारखा लाल. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, तिच्याविरुद्ध काही नाही, चांगल्या लोकांनाही भोगावं लागतं, वगैरे. मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम, सर." मग त्याने केक उचलून पॅन्ट्रीत नेऊन ठेवला. दुपारी जाऊन मी एक तुकडा खाल्ला. लिंबाचा होता. चांगला होता, काय करणार.

७ मे, बुध.

मनू बाबांचा फोन घेत नाही. माझा घेते, पण बाबा जवळ आहेत का ते आधी विचारते. सु. वर वर दाखवत नाही. काल मला विचारत होता, "आपल्यासारख्यांवर म्हणजे काय म्हणाली ती?" समजावलं, बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलूनच ते जिंकले म्हणून. मग म्हणाला, "मला वाटलं तिकडे तसं काही नसेल. ती निवडून आली होती ना एकदा."

एक मजा मनूने सांगितली. लोक अजून तिलाच फोन करतात. रस्त्यावरचा दिवा बंद, बसची वेळ बदलली, लायब्ररी उघडत नाही. ज्यांनी दारातून हाकललं तेही. मी म्हटलं, सांग ना, आता मी नाही म्हणून. "आई, सांगते. तरी ते पुढे बोलतातच." मग ती नव्या काउन्सिलरचा नंबर देते. नवा माणूस उचलत नाही, मग ते परत हिलाच.

१३ मे, मंगळ.

तिच्या पक्षाने हरण्यातून धडा घेतला. सरकारने काल कडक धोरण जाहीर केलं, बाहेरून आलेल्यांविषयी. कायम राहायला आणखी जास्त वर्षं, आणखी अटी. सु. बातम्या लावून बसला होता. एरवी इंग्रजी बातम्यांवर तावातावाने बोलतो. आज एवढंच म्हणाला, "म्हणजे ती ज्यांच्यासाठी फोड येईपर्यंत फिरली, तेच हे."

मला राग आला. इतका की भांडी आपटली. आम्ही इथे आयुष्य काढलं, व्हिसा नोकरीला बांधलेला, कधी कोणी नागरिक म्हणेल अशी आशाच ठेवली नाही, त्यामुळे दुखलं नाही कधी. पोरीने मात्र आशा ठेवली. पायी चालून ठेवली.

सु.ने तिला मेसेज केला. मला दाखवला नाही, पण चष्मा लावून बराच वेळ टाइप करत होता. मला वाटतं सॉरी.

१५ मे, गुरु.

मनूने बाबांना फोन केला! मी रझियाबरोबर हमद टाउनला तिच्या नातीच्या बारशासारखं काहीतरी होतं तिकडे गेले होते, त्यामुळे काय बोलले ते माहीत नाही. सु. सांगतो, "हवापाण्याचं." डोळे लाल होते.

१७ मे, शनि.

आज मनू माझ्याशी खूप वेळ बोलली. पक्षाने विचारलंय, लवकरच पोटनिवडणूक लागणार आहे बाजूच्या भागात, उभी राहशील का. महिन्याच्या आत कळवायचंय. काही मित्र म्हणतात आत राहून भांड. काही म्हणतात सोड, लाज वाटली पाहिजे. तिला स्वतःला काय वाटतं विचारलं तर म्हणाली, "रोज वेगळं."

मग एकदम म्हणाली, "आई, तू इथे राहत असतीस, तर मला मत दिलं असतंस?"

"हे काय विचारणं झालं?"

"१ तारखेला नाही. आत्ता. माझ्या नावाशेजारी तेच चिन्ह असणार."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. आई आहे मी तिची. पण त्या जाहीर केलेल्या गोष्टी डोळ्यांसमोर आल्या, भांडी आपटलेली आठवली, आणि तोंड उघडून तसंच राहिलं. क्षणभरच. मग "हो" म्हणाले. उशीर झाला होता.

मनू रागावली नाही. म्हणाली, "ठीक आहे आई. दारात जे लगेच हो म्हणाले होते, त्यांनीही मत दिलं नाही."

नंतर आंब्याच्या पेटीचं बोललो. जूनमध्ये येईन म्हणाली आहे, नक्की नाही. पक्षाला काय कळवणार ते तिने सांगितलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.