झाकणाला बांधलेली चिंधी

शेळगाव, ता. इंदापूर
दि. १२ जानेवारी २०२५

रविंद्र भावोजींना,
करुणाचा जय भीम.

तुम्ही, रश्मी आणि मुलं बरी असाल. इकडे आईंची तब्येत ठीक आहे. गुडघे दुखतात, पण सकाळचं अंगण त्याच झाडतात, मला झाडू घेऊ देत नाहीत. शेळी व्याली, दोन्ही करडं जगली. माझी अंगणवाडी चालू आहे. शेजारच्या हिंदुराव तात्यांच्या उसाला अजून तोड मिळालेली नाही. टोळी आज येते, उद्या येते असं चाललंय, म्हणून ते दिवसभर बांधावर उभे राहून मुकादमाच्या नावानं ओरडत असतात. त्यांचा आवाज ऐकला की घर तेवढंच भरल्यासारखं वाटतं.

तुमचा निरोप रश्मीनं फोनवर सांगितला. पुढच्या रविवारी तुम्ही दोन माणसं, पंप आणि औषध पाठवणार आहात. स्मशानाच्या वाटेवरची काटेरी चिलार आणि आपल्या खालच्या रानातली राहिलेली चिलार ती फवारून देतील, म्हणजे तुमच्या दादांच्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला लोकांना नीट चालता येईल. सगळा खर्च तुमचा. तुम्ही स्वतः येणार का, हे रश्मीनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माणसं पाठवू नका, एवढंच मला लिहायचं होतं.

फोनवरही सांगता आलं असतं. पण मी फोन केला की तुम्ही "आईकडं द्या" म्हणता आणि आई काही बोलायच्या आत ठेवून देता. म्हणून पत्र लिहिते आहे. हिंदुराव तात्या उद्या बारामतीला निघालेत, ते जळोचीला तुमच्या हातात देतील.

वाटेची अवस्था तुम्ही मागच्या फेब्रुवारीत पाहिलीच आहे. तुम्ही पुढचा खांदा दिला होता. तुमच्या पांढऱ्या शर्टाची बाही काट्यात अडकली, ती तुम्ही सोडवली नाही, तशीच फाटू दिली. मी मागून बघत होते. त्यानंतर तुम्ही गावात पाय ठेवला नाही. जलदान विधीला भंतेजींनी विचारलं, धाकटे बंधू दिसत नाहीत. मी म्हणाले, कामात आहेत.

चिलार तेव्हापेक्षा वाढलीय. दादांनी जेवढी फवारली होती तेवढी तर जास्तच. औषध मारल्यावर दोन दिवसांत पानं करपून गेली होती, तेव्हा ते किती खूश होते. हिंदुराव तात्यांना बांधावर बोलवून दाखवलं. तात्या आधी चिडवायचे ना, "समाधान, तू चिलार काढतूस का चिलार तुला काढती?" त्या दिवशी ते म्हणाले, "जिंकलास लेका." पाऊस पडायच्या आधीच ती बुडातून फुटली. जिथं एक खोड होतं तिथं आता सात-आठ फोक आहेत.

दिवाळीनंतर अंगणवाडीच्या बैठकीला बारामतीला गेले होते, तेव्हा शेतकी खात्यातल्या एका बाईंना मी विचारून आले. त्यांना सगळं सांगितलं नाही, फक्त औषधाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "चिलारीला हे चालतच नाही. हे फक्त पान जाळतं, मुळापर्यंत पोचत नाही. लोक घेतात कारण संध्याकाळपर्यंत पान सुकलेलं दिसतं." मी म्हटलं, मग सगळीच औषधं वाईट का? त्या म्हणाल्या, तसं नाही. चिलार कापल्या कापल्या, बुंधा ओला आहे तोवर, कापलेल्या तोंडावर दुसरं एक औषध ब्रशनं लावायचं, हातमोजे घालून. जेवढ्यास तेवढं लागतं, उडत नाही, पंप लागत नाही. पण विहिरीजवळ तेही नको. तिथं खणूनच काढायची. मातीखाली फूटभर बुंध्याला डोळे असतात, त्यांच्याखालून तोडली तर ती परत येत नाही. वरून कितीही वेळा कापा, ती हसते.

आपलं खालचं रान विहिरीला लागून आहे. नळ बंद असला की सगळी वस्ती तिथलंच पाणी पिते. शेळ्या चिलारीच्या शेंगा खातात. तेव्हा फवारणी नको, हे मी तेवढ्यावरूनही सांगू शकले असते, आणि हे पत्र इथं संपवता आलं असतं. सकाळपासून दोनदा संपवलं होतं.

भावोजी, तुम्ही का येत नाही ते मला माहीत आहे.

तुम्ही ते रान चिलारीसकट कोळसा भट्टीवाल्यांना द्यायचं म्हणत होतात, दादा कसायचं म्हणत होते. ओसरीवर तुमचा आवाज चढला. तुम्ही म्हणालात, "तुज्यानं ही चिलार मरंपतूर निघायची न्हाय." दादा पाणी प्यायला आत आले. मी चुलीपाशी होते. मला म्हणाले, "लहान हाय, बोलतोय. बोलू दे." आणि मग दोन दिवसांनी तुम्ही टेम्पोतून पंप आणि औषधाचा कॅन पाठवलात. भाड्यानं देण्याच्या तुमच्या औजारांतला पंप, भाडं न घेता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दादांना निरोप लागलाच नाही. पंप ओट्यावर ठेवून ते आईंना म्हणाले, "बघितलंस? रवीनं पंप धाडला." तुमचं भांडण त्यांच्यापुरतं तिथंच मिटलं होतं. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण ते एकटं सांगता येत नव्हतं. त्याच्यामागं दुसरं येत होतं.

दवाखान्यात तुम्ही पोचलात तेव्हा डॉक्टर विचारत होते, "औषध किती घेतलं?" तुम्ही दारातच थांबलात. दादांना नीट बोलता येत नव्हतं, धाप लागत होती. ते म्हणाले, "पिलो न्हाय साहेब, फवारलं." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, सगळ्यांच्या घरचे असंच म्हणतात अशा नजरेनं. मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही खाली बघत होता. तेव्हाच मला कळलं की तुम्ही डॉक्टरांचं खरं धरलं. नंतर पोलीस आले, जबाब झाला, गावात सगळ्यांनी तेच धरलं. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागं बोलले ते ऐकलं.

दादा औषध प्यायले नव्हते. तुमच्या बोलण्यामुळं तर नाहीच नाही. पिणाऱ्याचं तोंड, घसा आतून सोलून निघतो. दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांचं तोंड बॅटरी लावून बघितलं, आत काही नव्हतं. मग ते म्हणाले, पाठ दाखवा.

सकाळी दादांनी कोयत्यानं चिलार तोडली होती. हात, खांदे, पाठ, सगळीकडं ओरखडे. दुपारी त्याच अंगानं पंप पाठीवर घेतला. शर्ट काट्यांनी फाटला म्हणून काढून ठेवला होता, नुसता बनियन. तुम्हाला आठवत असेल, पंप गळतोय म्हणून त्यांनी फोन केला तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, "झाकनाचा वायसर ढिला हाय, चिंधी बांध." त्यांनी बांधली. आपल्याकडं सगळेच बांधतात. मी लहानपणापासून बघते आहे, पंप गळला की चिंधी. चिंधीनं गळणं थांबत नाही, भावोजी. ती भिजते आणि मग थेंबाऐवजी ओल सबंध पाठीवर पसरवते. बनियन दिवसभर ओला राहिला. त्यांना वाटलं घाम आहे. संध्याकाळी आंघोळ करताना पाठ लाल दिसली, ते म्हणाले काट्यांनी झालंय. आईंनी हळद आणि खोबरेल लावलं. तिसऱ्या दिवशी कातडी सुटायला लागली. मग लघवी कमी झाली, मग धाप.

दुसरे डॉक्टर म्हणाले, नुसत्या धड कातडीतून इतकं जात नाही. ओरखड्यांतून गेलं. उतारा नाही म्हणाले. दादा शेवटपर्यंत शुद्धीवर होते, तेच वाईट होतं. त्यांनी मला विचारलं, "रवी गेला का?" मी म्हटलं, बाहेर आहे. तुम्ही तेव्हा बाहेर नव्हता.

तो बनियन माझ्याकडं आहे. पाठीवर टाकीच्या आकाराचा हिरवट डाग आहे. धुतला नाही, जाळलाही नाही. पत्र्याच्या डब्यात घालून वर ठेवलाय, कुणाच्या हाताला लागणार नाही असा.

हे मी तुम्हाला वर्षभर सांगितलं नाही, कारण आईंनी सांगू नको म्हटलं होतं. दहनाच्या संध्याकाळीच. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण पाठ त्यांनी स्वतः चोळली होती. त्या म्हणाल्या, "मला समदं कळतंय. पर रवीला कळू देऊ नगंस. एक गेला. पंपाचं कळलं तर त्यो बी जाईल." मला ते पटलं. एका भांडणाचं ओझं तुमच्यावर आहेच, ते काढायला गेले तर त्याच्या जागी पंप ठेवावा लागणार होता. कुठलं जड, ते मला ठरवता येईना. म्हणून गप्प बसले.

पण आता रश्मी म्हणाली, दोन माणसं पंप घेऊन येतील. मी विचारलं, कुठला पंप? ती म्हणाली, आपलेच, भाड्याचे. दादा गेल्यावर तुमचा ड्रायव्हर इथून पंप परत घेऊन गेला होता. निळी टाकी, डाव्या पट्ट्याला पिवळी नायलॉनची दोरी. वर्षभर तो भाड्यानं फिरत असणार. कुणाकुणाच्या पाठीवर गेला असेल, मला झोप लागत नाही. कुणाचं काही झालं नसेल. अंगावर ओरखडे नसतील, औषध दुसरं असेल. पण चिलारीत शिरणाऱ्या माणसाला ओरखडे येतातच. रविवारी तोच पंप आपल्याच रानात, आपल्याच वाटेवर, दुसऱ्या कुणाच्या तरी घरच्या माणसाच्या पाठीवर चढणार, आणि मी ओट्यावरून बघणार. आईंचा शब्द मी पाळत होते, पण एवढ्यापुढं तो पाळता येत नाही.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहीत नाही. तो शब्द लिहायला बसले की हात थांबतो, आणि खोटं लिहायचं नाही. तुम्ही मुद्दाम काही केलं नाही, हे मात्र मला पक्कं माहीत आहे आणि दादांनाही होतं. सध्या माझ्याकडं एवढंच आहे.

तो पंप आजच बाजूला काढा. विकू नका, भंगारातही देऊ नका, तिथून कुणीतरी वायसर बसवून घेईल. बाकीच्यांची झाकणं तपासा. माणसं पाठवू नका. कोऱ्या कुदळी लागतील, आपल्याकडं एकच धड आहे. वाटेवरचे मोठे बुंधे आहेत त्यांना ब्रशनं औषध लावायचं का, ते त्या बाईंना विचारून ठरवू, मी त्याला नाही म्हणत नाही. विहिरीकडची सगळी खणून काढायची. फूटभर खाली. पुण्यस्मरणाच्या आत सगळी पुरी होणार नाही, वाट तेवढी होईल. हिंदुराव तात्या म्हणालेत, "ऊस तुटला की मी बी हाय, तवर बांधावरनं शिव्या द्यायला तरी हायेच."

इथवर लिहून झाल्यावर हे पत्र मी आईंना वाचून दाखवलं. त्यांना विचारल्याशिवाय पाकीट बंद करणं बरोबर वाटेना. दिवेलागणीची वेळ होती. त्या बराच वेळ करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, पत्र फाड म्हणतील. मग म्हणाल्या, "ह्यात एक ऱ्हायलंय. लिव्ह."

त्या सांगत गेल्या तसं खाली लिहिते आहे. मी एक शब्द बदललेला नाही.

"रवी, ती चिंधी माज्या लुगड्याची व्हती. समाधाननं मागितली, म्या फाडून दिली. गाठ बी म्याच मारली, घट्ट. मी जगलेच न्हवं? मग तू बी जगायचं. रविवारी ये."

रविवारी सकाळी भाकरी तुमच्या हिशोबानं टाकीन.

तुमच्या दादांच्या घरातून,
तुमची वहिनी
करुणा