मागचा आकडा पुढे

३ मार्च, सोमवार

लागली एकदाची नोकरी. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात संशोधन समन्वयक. हुद्दा एवढा लांबलचक की ओळखपत्रावर दोन ओळींत कोंबलाय आणि तरी शेवटचं अक्षर कापलं गेलंय. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, दोन टेबलं, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि खिडकीपाशी एक लाकडी बाक. खिडकीतून धुलाईघराची गच्ची दिसते, तिथे हिरव्या चादरी वाळत असतात. मला जागा फार आवडली.

पायांच्या नसांची आग होते त्यावरच्या नव्या गोळीची चाचणी आहे. चाळीस रुग्ण, सगळ्यांना तीच गोळी. मुख्य डॉक्टर एवढ्या उकाड्यातही गळ्याला टाय आवळून बसतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं बारसं करून टाकलं, टायवाले. दुसऱ्या टेबलावर मोठ्या सिस्टर असतात. तीस वर्षांची नोकरी झालीय, आणि दिवसाला तीस शब्दही बोलत नाहीत.

सगळ्यात मोठा आनंद म्हणजे मावशी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आता परत तिच्याच घरी राहायला आलेय. ती या चाळिसांतली एकतीस नंबरची रुग्ण आहे. हे मी टायवाल्यांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, बरं झालं, एक तरी रुग्ण दांडी मारणार नाही. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली की लहानपणी तुला छड्या दिल्या, आता तू वसूल करणार.

१३ मार्च, गुरुवार

एक गुरुवार सोडून एक गुरुवार रुग्ण येतात. मोठा तक्ता असतो, एका माणसाची एक ओळ, एका गुरुवारचा एक चौकोन. दुखणं दहापैकी किती, एवढंच विचारायचं, आकडा लिहायचा, रुग्ण जे बोलला ते शेजारच्या रकान्यात त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. खोडरबर नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, वर आपली सही. मला हा काटेकोरपणा पटतो. एक निवृत्त मास्तर साडेसहावर अडून बसले. अर्धा गुण चालत नाही म्हटल्यावर म्हणाले, आमच्या वेळी पाव गुणावरही पोरं पास व्हायची. मावशी पाच म्हणाली.

बारा नंबर आले नाहीत. निवृत्त पोस्टमन. घरी फोन केला तर सुनेनं सांगितलं, मामंजी आठ दिवसांपूर्वीच गेले. मी टायवाल्यांना सांगितलं. त्यांनी संगणकावरची नजरसुद्धा काढली नाही. दाखला आलाय का, म्हणाले. नाही ना? मग ते आले नाहीत, एवढंच आपल्याला माहीत आहे. नियमावलीत पान चौदावर लिहिलंय की चौकोन रिकामा ठेवायचा नाही, जो येत नाही त्याचा मागचा आकडा पुढे लिहायचा. पोस्टमनचा मागचा आकडा सहा होता. मेलेल्या माणसाला आजही सहा दुखतंय, असं मी माझ्या हातानं लिहिलं. संताप आला होता. पण नोकरीला जेमतेम दहा दिवस झालेत, गिळला.

२७ मार्च, गुरुवार

मी कुलूप काढायला गेले तर पोस्टमन खिडकीच्या बाकावर बसलेले. आत कसे आले, विचारायचं राहूनच गेलं, कारण मला आधी सुनेचाच राग आला. आकडा विचारला. म्हणाले, सहा, चालणाऱ्याचे पाय बसल्यावर बोंबलतात. रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव. मनगट गार लागलं. सही केली.

मग मी त्या सुनेला फोनवर चांगलीच झापली. म्हाताऱ्याला इस्पितळात आणायचा कंटाळा म्हणून जिवंत माणूस मारून टाकता, लाज वाटत नाही का, असं बरंच काही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांनी राखाडी शर्ट घातलाय का, गळ्यापर्यंत बटणं लावलेला? मी हो म्हटलं. ती म्हणाली, तोच घालून आम्ही त्यांना निरोप दिला होता. आणि फोन ठेवला.

मावशीचा आज आठ. एरवी ती पाचाच्या वर जात नाही. लिफ्ट बंद, तीन जिने चढून आली, पायाची बोटं आत वळली होती. म्हणाली, आठ लिही बाई, खोटं कशाला सांगू तुला. मी रकान्यात तसंच लिहिलं.

संध्याकाळी मागची पानं उलटली. पोस्टमन फेब्रुवारीतल्या शेवटच्या खेपेलाही तेच बोलले होते, शब्दन् शब्द. रक्तदाबही तोच.

३१ मार्च, सोमवार

सून दाखला घेऊन आली. मी हात जोडून माफी मागितली आणि तिला टायवाल्यांपुढे उभी केली. त्यांनी दाखला एका हातात धरला, सत्तावीस तारखेची सही दुसऱ्या हातात. सही नंतरची आहे, म्हणाले, म्हणजे दाखल्यातच चूक असणार. सुनेला त्यांनी दाखला दुरुस्त करून आणायला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बिचारी जिना उतरेपर्यंत रडत होती.

मोठ्या सिस्टरांनी मला कपाटाआड बोलावलं. म्हणाल्या, खिडकीच्या बाकावर बसतात त्यांना तक्त्यावरचं सोडून काही विचारू नकोस, त्यांच्याकडे दुसरं काही नाही. असे दहा जण आहेत. आठ महिन्यांत दहा. शेवटी जो आकडा सांगितला तोच पुढे पुढे लिहिला जातो, आणि तेवढंच त्यांना दुखत राहतं. आठ नंबरच्या बाईंचा आकडा नऊ आहे, सात महिने झाले. सिस्टरांनी दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही वेळा वरच्या लोकांनी बाकावरच्यांचा रक्तदाब मोजला, सह्या पाहिल्या आणि सिस्टरांनाच विश्रांतीच्या रजेवर पाठवलं.

मी टायवाल्यांना विचारलं, चाळिसांत दहा गेले कसे? म्हणाले, कोण गेलंय? तक्त्यात सगळे स्थिर आहेत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं होतं. या माणसाला ते लोणी आहे हेही ठाऊक नाही, कारण तो मढ्याकडे बघतच नाही. आंधळं दळतंय आणि वर पीठ किती पांढरं म्हणून सांगतंय.

१० एप्रिल, गुरुवार, दुपारी पाऊण

मावशी आली नाही. अकराला येते म्हणाली होती. सकाळी मी निघाले तेव्हा ओट्यापाशी उभी राहून मलाच बजावत होती की डबा विसरू नकोस. बाराला फोन केला, उचलला नाही. शेजारणीकडे गप्पा मारत बसली असेल, दुसरं काय. सगळ्यांसमोर तोंडावर पाडलं मला. टायवाले टेबलाशी येऊन उभे राहिले आणि हसून म्हणाले, तुमच्याच घरची दांडी? तक्ता बंद करायचा होता. मी रागारागात मागचा आठ पुढे लिहिला. पुढच्या खेपेला येऊन खरा आकडा देईल म्हणावं. घरी गेल्यावर तिची खरडपट्टी काढणार आहे.

१० एप्रिल, संध्याकाळ

मावशी ओट्याखाली पडली होती. नळ चालू होता. समोरचे डॉक्टर म्हणाले, सकाळी नवाच्या सुमारासच गेली असणार.

नवाला गेली. आणि साडेबाराला मी आठ लिहिला.

१६ एप्रिल, बुधवार

तिला निळा स्वेटर घातला, तिला थंडी फार वाजायची. तिचा दाखला आजच माझ्या हातात पडला.

आज दहाही घरी फोन केले. सहा जणांनी उचलले. सहाही घरांत तेच, सकाळी, उपाशीपोटी गोळी घेतल्यावर तासाभरात, न्हाणीघरात नाहीतर स्वयंपाकघरात. मावशी माझ्यासमोर गोळी घ्यायची. मीच पाणी द्यायचे. हे फोन मी मार्चमध्येच का केले नाहीत? टायवाल्यांना शिव्या घालताना माझी जीभ तेवढी चालली, डोकं नाही चाललं.

चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नैतिक समितीच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं फाइल उघडून दाखवली. ज्यांना मी मेलेले म्हणत होते त्या सगळ्यांच्या मार्चच्या सह्या होत्या. मेलेली माणसं सही करत नाहीत, बाई, असं तो मला समजावून सांगत होता. मी त्याच्या टेबलावरचा पेनस्टँड जमिनीवर आपटला.

जिवंत राहिलेल्या रुग्णांना फोन करून गोळी बंद करायला सांगतेय. काही ऐकतात. मास्तर म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं.

२४ एप्रिल, गुरुवार

मावशी बाकावर आहे. निळा स्वेटर.

मला ओळखत नाही. जवळ बसले, हात धरला, मावशी म्हटलं. आठ लिही बाई, खोटं कशाला सांगू तुला. एवढंच. परत परत एवढंच. पायाची बोटं आत वळलेली, फरशी ओरबाडत होती.

लिहिला नाही मी आठ. मागच्या आठवर रेघ मारली, सही केली, वर लिहिलं — मृत. तिची बोटं सरळ झाली. तिनं एवढा मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटले. एक मिनिट. जेमतेम एक मिनिट.

टायवाले तक्ता न्यायला आले. माझ्या शब्दावर रेघ मारून त्यांनी दोन्ही चौकोनांत आठ लिहिला. दाखला दिला तर रक्तदाबाच्या यंत्राकडे बघत म्हणाले, बाई इथे बसल्यात ना, आणि घरच्या भावना घरी ठेवाव्यात, असंही. मान वळवून बाकाकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाही नाही.

तिची बोटं परत वळली.

टायवाल्यांच्या हातातल्या त्या पेनाची मला किळस येते. माझ्या पेनाचीही येते.

८ मे, गुरुवार

ठरवलं होतं. केलं.

ती आठ म्हणाली, मी शून्य लिहिला. ऐकणारी मी, लिहिणारी मी, चूक कोण काढणार? मग सगळ्या बाकालाच. पोस्टमन शून्य. आठ नंबरच्या बाई शून्य — आठ महिने बाही दातांत धरून बसल्या होत्या त्या, आज सोडली. अकरा शून्यं.

बाक गप्प झाला. मावशी खिडकीबाहेर चादरींकडे बघत होती. पाय सैल सोडून बसलेली.

आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला. बिलकूल पश्चात्ताप नाही.

१९ मे, सोमवार

हात दाखवून अवलक्षण. माझंच. माझंच.

टायवाले नाचायचे बाकी आहेत. सगळ्यात जुन्या रुग्णांची आग शून्यावर. गोळी लागू पडली म्हणतात. पुढची चाचणी सहा इस्पितळांत, चार हजार माणसं. खोकी येऊन पडलीत, व्हरांड्यात छातीएवढी रास —

सांगितलं त्यांना. मी खोटं लिहिलं, गोळीनं अकरा मेलेत. ते म्हणाले, दुःखात माणूस काहीही बोलतो. खांद्यावर हात ठेवला माझ्या. झिडकारला मी तो.

चार हजार. चाळिसांत अकरा, तर चार हजारांत — केला हिशोब. अकराशे.

२२ मे, गुरुवार, बारा वीस

एक वाजता बाहेरची तपासनीस येणार. तक्ते स्वतःच्या हातानं मोहोरबंद करून नेणार. त्यानंतर कुणालाच खोडता येणार नाही. ना मला, ना टायवाल्यांना. जे असेल ते कायमचं.

मृत लिहिलं तर ती बाकाकडे बघेल. बारा जण बसलेत. मला वेडी ठरवतील आणि शून्यं परत बसवतील. जुने खरे आकडे घातले, चुकून शून्य पडलं म्हणून सही केली, तर गोळी फुकाची ठरते. चार हजारांना मिळत नाही.

म्हणजे मावशीचा आठ. कायमचा.

सिस्टरांना विचारलं. त्या रडत होत्या. दाराला कडी लावून आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

बारा पस्तीस

पोस्टमन. सहा. खुर्ची धरावी तसे स्वतःचे गुडघे धरले त्यांनी —

मास्तर आज या बाकावर आहेत. मागच्या खेपेला आले नव्हते, मागचा सात पुढे गेला. मी सांगितलं होतं त्यांना. सांगितलं होतं. त्यांचा आकडा खराच आहे, सात, त्याला हात लावायला नको —

आठ नंबर. नऊ. नाही बघू शकत. बाही परत दातांत —

बारा अठ्ठेचाळीस

दहा झाले. सगळे कण्हतायत. मी केलंय हे. टायवाल्यांनी नाही, मी. पण टायवाल्यांनी मला हे करायला — हलकट माणूस, एकदा तरी मान वळवून —

एकतीस राहिलाय.

ती शांत बसलीय. पाय सैल. बाहेर बघतेय.

बारा त्रेपन्न

शून्यावर रेघ मारली. सही केली. दोन्ही होऊनही ती अजून शांत आहे, आकडा लिहीपर्यंत तिला काही होत नाही. रिकामा ठेवला तर टायवाले खोडलेला शून्यच परत घालतील, आणि चार हजार —

जिन्यात बूट वाजतायत. दोघांचे. टायवाले तिला जिन्यातच अभिनंदन ऐकवतायत. सिस्टर दार दाबून उभ्या आहेत —

मावशी, इकडे नको बघूस, तिकडेच बघ. मी आता आठ लि