पडद्यामागचा डावखुरा

प्रिय अंजू,

नांदेडला थंडी पडली का? निलंग्यात लई हाय. तुझं नर्सिंगचं शिक्षण चाललंय तसं माझंबी चाललंय बग, सिनेमाचं. तू तुझी सृष्टी आमच्यापाशी ठेवून गेलीस तवापासून आम्ही दोघी रोज दुपारी जुना काळापांढरा सिनेमा लावतो आन् एकेका नटाला नापास करतो. रडताना जो डोळ्यावर हात धरतो त्याला रडू येत न्हाई. खरं रडणाऱ्याचं आधी नाक वाहतं. पाच वर्षांची पोर, पण तिला बरुबर कळतंय. गेल्या आठवड्यात एका मेलेल्या हिरॉइनीचं पोट हाललं तर म्हणती, "अज्जी, ही मेलीच न्हाई." लई हसले मी.

पण माझा एक हिरो पास हाय, लगीन व्हायच्या आधीपासून. जत्रेत तंबू लागायचा, मधी पडदा, म्होरं बाप्ये आन् पडद्यामाघं आम्ही बाया. तो डाव्या हातानं चिठ्ठी लिहायचा, डाव्या हातानं तलवार चालवायचा. म्हणून तुझा बाप शिवप्पा जेवताना पोरीचा डावा हात रुमालानं बांधाया लागला तवा मी म्हणले, एवढा मोठा माणूस डावखुरा, त्याचं काय अडलं? शिवप्पा म्हणला, "दाखव अव्वा. खरं निघालं तर सोडतो." आईसंगं पैज!

सोमवारी तोच सिनेमा लागला. शिवप्पा दुकान टाकून येऊन बसला. पोरगी ताट घेऊन माझ्याजवळ, बांधलेला हात मांडीवर. हिरोनं दौत ओढली, टाक उचलला... उजव्या हातानं! शिवप्पा खो खो हसला. "अव्वा, तू जलमभर सिनेमा उलट्या बाजूनं बघितलास की गं!" तवा डोक्यात शिरलं, माघून बघितलं की उजवं ते डावं दिसतं. हसू मलाबी आलं असतं, पण सृष्टीनं रुमालाकडं बघितलं आन् ताट सारलं. मग नीट जेवलीच न्हाई. उजव्या हातातला घास तोंडाशी येईस्तोवर सांडायचा, ती सांडलेलं बघत बसायची. टीव्ही लावला तरी कुणाला नापास करंना.

बुधवारी सकाळी शिवप्पा पूजेला बसला. गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं, डाव्या, आपल्यात घेत्यात तसं. न्याहारीला बांधलेला हात तसाच, सृष्टी म्होरं उभी. म्हणली, "अज्जा, देव ह्या हातावर चालतो? मग तुमचा हात कुणी बांधत न्हाई का?" शिवप्पाचा मंत्र थांबला. मला वाटलं, आता भडकतो. पर त्यानं पूजा पुरी केली, लिंग गळ्यात घातलं, मग पोरीपुढं बसून गाठ सोडाया लागला. सांडलेल्या दुधानं ओली झालेली गाठ, सुटंना. दातानं सोडली.

अंजू, तू रोज सांजच्याला फोनवर विचारतीस, "अप्पा, हात बांधला का?" आन् तो "हाव" म्हणतो. खोटं बोलतो. त्याला तुझी भीती, तुला तुझ्या सासूची. मला आता कुणाचीच न्हाई, म्हणून मी लिहून राहिले. रुमाल मी बंबात घातला, पाणी बरं तापलं. रविवारी तू येशील. सृष्टीनं ठरवलंय, पहिला घास आईला भरवायचा, त्याच हातानं. सारखी विचारून राहिली, "अज्जी, आई खाईल का?" मी अजून तिला काय सांगितलं न्हाई.

तुझीच वाट बघणारी,
अज्जी गौरम्मा