नऊ वर्षांच्या अहवालांना वाळवी लागलेली नसल्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय : लेखाशास्त्र विभागाचा अहवाल-संग्रह रद्दीत देण्याचा आदेश थांबवणेबाबत.

संदर्भ : १) परिचयपुस्तिकेतील 'संशोधनाची बलस्थाने व साधने' या प्रकरणाचा मसुदा. २) आपला कालचा आदेश.

महोदय,

१. मी या विभागात सव्वीस वर्षे शिकवतो. उपरोक्त मसुद्यात आमच्या धाकट्या बाईंना (विभागात त्यांना सगळे असेच म्हणतात, त्या माझ्याच विद्यार्थिनी) चार पाने मिळाली आहेत. त्यांची संगणक-प्रयोगशाळा, त्यांचे शोधनिबंध, त्यांचे पारितोषिक, सर्व रंगीत. माझ्या वाट्याला एक ओळ : 'विभागात कंपन्यांच्या जुन्या वार्षिक अहवालांचा संग्रह आहे.' जणू तो आपोआप उगवला.

२. तो मी जमवला आहे. बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या दारात उभे राहून, कारकुनांच्या विनवण्या करून, स्कूटरला बांधून आणलेले साडेचार हजार अहवाल. फाटलेल्यांना पत्नीने घरी दोरा घातला. पृष्ठ सातवरील छायाचित्रात बाई त्याच कपाटांपुढे हसत उभ्या आहेत. डाव्या कडेला दिसणारे कोपर माझे आहे. पत्नीला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "कोपर छान आलंय. पण पोटात दुखतंय, ते सांगा की सरळ!" तिचे म्हणणे खरे असल्याने पुढील मजकूर लिहीत आहे.

३. गेल्या सत्रात बाई माझ्या खोलीत आल्या. कारखाना बुडण्याआधी त्याच्या अहवालांत काय काय झाकले जाते, यावर त्यांचे काम चालू होते. "सर, मधली नऊ वर्षं कुठेच मिळत नाहीत. तुमच्याकडे असतीलच." ते गठ्ठे माझ्या खुर्चीमागेच होते. पारितोषिकाची बातमी त्याच सकाळी आली होती. मी म्हणालो, "वाळवीनं खाल्ली."

त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही. उलट माझ्यासाठी चहा आणला आणि "सर, जिवाला लावून घेऊ नका," म्हणत अर्धा तास बसून राहिल्या. मी तो चहा प्यायलो.

४. उरलेला संग्रह तरी वाचावा म्हणून त्यांनीच आपल्या कार्यालयाकडे औषधफवारणी मागितली. कार्यालयाने, वाळवीचा प्रयोगशाळेतील संगणकांना धोका नको म्हणून, सगळेच अहवाल उद्या रद्दीत देण्याचा आदेश काढला.

५. वाळवी नाही. कधीच नव्हती. आज सकाळी मी नऊ वर्षांचे गठ्ठे बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि सगळे सांगितले. त्यांनी पहिला अहवाल उघडला, पानांवरून बोट फिरवले. "एकही भोक नाही," एवढेच म्हणाल्या. मग त्या कामाला लागल्या. मी बराच वेळ उभा होतो. मला 'बसा' म्हणाल्या नाहीत.

६. तरी आदेश आजच रद्द व्हावा आणि संपूर्ण संग्रह बाईंच्या ताब्यात द्यावा. पुस्तिकेतील त्या ओळीत माझा उल्लेख घालू नये. माझ्यावर जी कारवाई करायची, तिच्यासाठी वेगळा खुलासा मागवण्याची गरज नाही, हाच समजावा. त्यांची चार पाने मला अजूनही सलतात, हेही नोंदवून ठेवतो. म्हणून कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडून आजच काढून घ्याव्यात.

आपला नम्र व अपराधी,
(स्वाक्षरी)
ज्येष्ठ प्राध्यापक, लेखाशास्त्र विभाग

दिनांक : गुरुवार, दुपारी बारापूर्वी

सोबत : कपाटांच्या सहा किल्ल्या.